शाळेत पाणी कसं शिकवायचं? विहीर, नळ, व्हाळ, नदी: अनुभव आणि प्रयोग इथे लिहा

शाळामास्तर_डिचोली

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

२२ मार्चला जागतिक जल दिन आला की सगळ्या शाळांत तेच होतं. चित्रकला, घोषवाक्यं, 'पाणी वाचवा'चा फलक धरून फोटो. मुलं मनापासून करतात, त्यांचा काहीच दोष नाही. पण त्याच मुलाला विचारा, तुमच्या नळाला पाणी येतं कुठून? 'टाकीतून.' आणि टाकीत? 'पाइपातून.' पाइपाच्या पलीकडे कोणालाच काही माहीत नसतं.

म्हणून मी क्रम बदलला. आधी पाण्याची वाट, मग पाण्याची चाचणी. सातवीची मुलं वर्षाच्या सुरुवातीला आपल्या वाड्याचा (वस्तीचा) नकाशा काढतात. त्यात विहिरी, झर (झरे), व्हाळ (ओढे), शौचालयाचे खड्डे, गोठे, गॅरेज, सगळं येतं. नळाच्या पाण्याचा माग काढतात. फोंडा आणि तिसवाडीचं पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून, सासष्टीचं साळावलीतून, काणकोणचं चापोलीतून. बार्देशला पाणी पुरवणाऱ्या अस्नोड्याच्या प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचा आधार आहे. म्हणजे पाऊस पडतो दोडामार्गच्या डोंगरात आणि तो म्हापशाच्या स्वयंपाकघरात येतो. हे कळल्यावर मुलं कालवा फुटल्याची बातमी वेगळ्या नजरेने वाचतात.

चाचणीचा संच मी त्यानंतरच बाहेर काढतो. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव हे क्षेत्र चाचणी संच आले आहेत, पंचायतीला विचारलं तर बघायला मिळतात. पण आधी संच हातात दिला तर मुलं रंग जुळवतात, 'पास', 'नापास' लिहितात आणि विषय संपतो. आमच्या एका मुलीने घरच्या विहिरीचा पीएच ६ आला म्हणून 'विहीर नापास' लिहून आणलं, कारण भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) मर्यादा ६.५ ते ८.५ आहे. तिचं वाचन बरोबर होतं. पण पावसाच्या पाण्यातच हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच ५.६च्या आसपास येतो, आणि आपल्या जांभ्यात तो आम्लपणा मारायला चुना जवळजवळ नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी पाइप गंजवतं, तोटीखाली डाग पाडतं, पण तेवढ्यावरून विहीर बंद करत नाहीत. खरा प्रश्न तिच्या नकाशात होता: विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किती लांब? निदान १५ मीटर असावा असं सांगतात. तिने पावलांनी मोजलं आणि वर्गात कोणी न विचारता उत्तर दिलं, 'सर, अर्धाच आहे.'

तुमच्या शाळेत, गावात काय करता ते लिहा. पालकांनीही लिहा.

पालक_म्हापसा

सर, फार चांगला विषय. पालक म्हणून एक विचारायचं आहे. मध्यंतरी पाणी शुद्ध करणारं यंत्र विकणारा माणूस घरी आला होता. नळाच्या पाण्याचा ग्लास घेतला, त्यात दोन सळ्यांचं यंत्र बुडवून चालू केलं. दोन मिनिटांत पाणी तपकिरी, वर मळकट फेस, खाली गाळ. त्याच्याकडच्या बाटलीतलं पाणी मात्र स्वच्छच राहिलं. माझा मुलगा सहावीत आहे, त्या दिवसापासून नळाचं पाणी तोंडाला लावत नाही. त्याला काय सांगू?

जुनी_लॅब

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो. ताई, मुलाला सांगा की तो गाळ पाण्यातला नव्हताच, सळीतला होता. त्या यंत्रात एक जोडी लोखंडी सळ्यांची असते. वीज सोडली की लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तयार होतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात थोडे असतात, गाळलेल्या पाण्यात जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काहीच घडत नाही. हा प्रयोग शाळेत करून दाखवा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आणि दोन खिळ्यांवर होतो. नळाच्या पाण्याला वेळ लागेल, चिमूटभर मीठ टाकलं की लवकर दिसेल. मग विचारा, मीठ तर पांढरं होतं, तांबडा गाळ आला कुठून? मुलं स्वतः खिळा बाहेर काढून बघतात.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायची पेनसारखी यंत्रंही आता घरोघर आहेत. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ टाका, यंत्र हजाराच्या आसपास आकडा दाखवेल. दुसऱ्या भांड्यात चार चमचे साखर विरघळवा, आकडा जागचा हलत नाही. साखर वीज वाहून नेत नाही, म्हणून ती यंत्राला दिसत नाही. जंतू तर अजिबातच दिसत नाहीत. टीडीएस ६० असलेल्या विहिरीत विष्ठेचे जंतू असू शकतात, आणि टीडीएस ४०० असलेलं पाणी पिण्यालायक असू शकतं. मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. आपल्या नद्यांचं पाणी मुळात मऊ आहे. त्याला क्षार काढणारं यंत्र लावायचं आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, हे मला बघवत नाही.

नळाच्या पाण्यात मुलांनी तपासायची गोष्ट म्हणजे क्लोरिन. शेवटच्या तोटीला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलं पाहिजे. क्लोरोस्कोपमध्ये थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. पाइपलाइनच्या सुरुवातीच्या घरात आणि टोकाच्या घरात एकाच सकाळी तपासलं तर फरक दिसतो. फरक का पडला याचं उत्तर मुलांना पाइपलाइनचा नकाशा काढूनच शोधावं लागतं, म्हणजे मास्तर म्हणतात तीच गोष्ट.

पालक_म्हापसा

खिळ्यांचा प्रयोग काल रात्रीच केला. मुलाने मीठ वाढवून वाढवून पाहिलं. आज सकाळी नळाचं पाणी (उकळून थंड केलेलं) पिऊन शाळेत गेला. धन्यवाद.

चोडणची_टीचर

आमच्याकडे बेटावर पाण्याचा पहिला धडा भरती-ओहोटीचा. मुलांच्या घरी अजून खाजन शेती (नदीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतं) आहे, त्यामुळे मानस (बांधातली पाण्याची दारं) काय करते हे ती माझ्यापेक्षा बरं सांगतात. भरतीला नदीचं पाणी दारांवर दाबतं आणि दारं बंद होतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर बाहेर येतो आणि तीच दारं उघडतात. भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असलेली जमीन गोड ठेवायला मनुष्यबळ नको, वीज नको.

आम्ही काय करतो ते लिहिते. मोठी मुलं मानशीच्या बाहेर, मानशीच्या आत आणि बांधाजवळच्या विहिरीत, अशा तीन ठिकाणी पाणी तपासतात. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. बाहेरचं पाणी मे महिन्यात इतकं खारट असतं की साध्या यंत्राची मर्यादा संपते, मग एक भाग नदीचं पाणी आणि नऊ भाग नळाचं असं पातळ करून मोजायचं आणि हिशेब मांडायचा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, मुलं तेवढं मीठ वजन करून पाण्यात टाकून बघतात. जुलैत त्याच जागी, त्याच भरतीला आकडा कोसळलेला असतो, कारण वरून म्हादईचं (मांडवीचंच वरच्या भागातलं नाव) पाणी येतं आणि खारं पाणी खाली रेटतं. मांडवीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. मुलांना नकाशावर गांजे दाखवलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

आता म्हादईचा विषय. २०१८च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं गेलं, हे मुलं घरी टीव्हीवर ऐकतात. पण नदीत वरून पाणी कमी आलं तर आमच्या बांधाजवळच्या विहिरीचं काय होईल, हा प्रश्न आमच्या वहीतल्या आकड्यांतून विचारता येतो. आठवीतल्या मुलांनी तो विचारला. मी उत्तर दिलं नाही, त्यांना पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघायला सांगितलं.

शाळामास्तर_डिचोली

टीचर, फार सुंदर. जुलै आणि मे, एकच जागा, एकच भरती: हा धडा कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. आमच्या डोंगराकडच्या मुलांना घेऊन तुमच्याकडे यायचं मनात आहे. आणि तुमची मुलं आमच्याकडे यावीत, पाणी कुठून सुटतं ते बघायला.

कुळागर_सावईवेरें

मी शिक्षक नाही, बागायतदार. पण शाळेतली मुलं आमच्या कुळागरात येतात म्हणून लिहितो.

आम्ही त्यांना आधी सुपारी, वेलदोडे, मिरवेल दाखवत नाही. आधी डोंगराच्या पायथ्याशी नेतो. जांभा वरून चाळणीसारखा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून खाली जातं, खाली शेडी माती लागते, चिकण, पाणी धरणारी. तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या पोटातून बाहेर येतं. तोच झर. मुलांना हात लावून बघायला सांगतो, वर खरबरीत दगड, खाली गुळगुळीत पांढरी-पिवळी माती आणि बरोबर मध्ये ओल. एकदा हात लावला की विसरत नाहीत. झराखाली तळी, तळीतून पाट, पाटातून माडा-पोफळींची अळी. कोणी कधी पाणी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या आजोबांच्या वेळच्या पाळ्या आजही चालतात.

मग मी मुलांना वर बघायला सांगतो. डोंगराच्या माथ्यावरची झाडी गेली, किंवा माथा कापून सपाट केला, तर पाणी मुरणार कुठे? झर लगेच आटत नाही. दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात आधी बारीक होतो, मग एप्रिलातच. तोवर डोंगर कोणी कापला हे लोक विसरलेले असतात. शाळांनी झराची नोंद ठेवावी, एवढीच माझी मागणी. दर आठवड्याला एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिहायचं. दहा लिटरची बादली ४० सेकंदात भरली तर मिनिटाला १५ लिटर. एवढं गणित पाचवीच्या मुलालाही येतं. अशी दहा वर्षांची वही गावाकडे असेल तर डोंगर कापायचा विषय ग्रामसभेत आला तेव्हा बोलायला आधार राहील.

आणखी एक. झराच्या कडेला कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो, मुलं 'तेल, तेल' म्हणून ओरडतात. काडीने ढवळून बघा. तुकडे पडले आणि तसेच राहिले तर ते लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. परत एकत्र आला तर खरंच तेल, मग वर कुठे पंप किंवा गाडी धुतात का ते शोधायचं.

पेडण्याची_बाई

मास्तरांनी आणि टीचरनी लिहिलेलं सगळं पटतं. पण मला एक अडचण मांडायची आहे, तिच्यावर कोणी बोललेलं नाही.

मुलांनी वाड्यातल्या विहिरी तपासल्या आणि एका घरच्या विहिरीची कुपी (जंतूंच्या चाचणीची बाटली) काळी झाली, म्हणजे पाणी संशयित निघालं तर? लहान गाव आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्याला कळतं. 'अमक्याच्या विहिरीत घाण' असं झालं की त्या घरी पाहुणा पाणी घेत नाही. आणि ज्या घरातलं मूल वर्गात आहे त्याला काय ऐकावं लागतं, ते मी पाहिलं आहे. ज्यांच्याकडे शौचालयाचा खड्डा विहिरीला लागून आहे, ते बहुतेक कमी जागेवाले, गरीब. सामाजिक बाजू न बघता नुसतं विज्ञान शिकवलं तर त्या मुलाचं आपण नुकसान करतो. चाचण्या थांबवा असं म्हणत नाही. पण कशा करायच्या?

शाळामास्तर_डिचोली

बाई, बरं झालं मांडलंत. आमची पद्धत सांगतो. नमुन्यांना नाव नाही, फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाची विहीर कोणाची हे मला आणि त्या घरातल्या मुलालाच माहीत. वर्गात चर्चा क्रमांकांवर होते. निकाल आधी घरच्यांना कळवायचा, मी स्वतः जाऊन, आणि सोबत उपाय घेऊन. उपाय हाती नसेल तर निकाल घेऊन कोणाच्या दारात जायचं नाही, हे मी ठरवलं आहे. पहिली चाचणी नेहमी शाळेच्याच विहिरीची आणि टाकीची. ती खराब निघाली तर मुलांना कळतं की हे कोणावरही येऊ शकतं.

चोडणची_टीचर

आम्ही सगळ्या विहिरींचा मिळून एकच आलेख लावतो, कुठलीही विहीर वेगळी काढून दाखवत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला इतक्या विहिरी काळ्या निघतात की एकट्या कोणाला बोट दाखवता येतच नाही. बाई म्हणतात ते खरं आहे, पण लपवलं तर मूल आजारी पडेल. हळू आवाजात, पण सांगावंच लागतं.

पेडण्याची_बाई

क्रमांकाची पद्धत आवडली. पण उपायाचं काय? 'पाणी उकळा' एवढंच सांगायचं?

जुनी_लॅब

बाई, उकळणं हा उपाय चांगलाच आहे, खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. पण विहिरीचाही उपाय आहे आणि त्यात आठवीचं गणित आहे. वृत्तचितीचं घनफळ. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर खोल. त्रिज्या दीड, वर्ग २.२५, गुणिले ३.१४, गुणिले २: साधारण १४ घनमीटर, म्हणजे १४ हजार लिटर. हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ३५ ग्रॅम. मुलांनी हिशेब करायचा, पावडर मात्र मोठ्यांनीच हाताळायची. बादलीत कालवून, खडा खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि बादली खालीवर करून मिसळायची. निदान एक तास पाणी काढायचं नाही. मग क्लोरोस्कोपने बघायचं. पावडर उघडी पडली की तिचा जोर जातो, जुनं पाकीट वापरलंत तर हिशेब बरोबर असूनही उपयोग नाही. आणि खड्डा जवळच राहिला तर पाणी परत बिघडणार, हेही घरच्यांना सांगावं.

काळ्या होणाऱ्या कुपीबद्दल. ती हायड्रोजन सल्फाइड ओळखते, विष्ठेसोबत येणारे बरेच जिवाणू तो तयार करतात. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर पाणी संशयित धरायचं. क्वचित पाण्यात मुळातच सल्फाइड असतं तेव्हाही काळी होते, म्हणून अशा नमुन्याची प्रयोगशाळेत पक्की तपासणी करून घ्या. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. नळाचा नमुना क्लोरिन असलेला असेल तर कुपीवर विसंबू नका. आणि काळी झालेली कुपी म्हणजे जिवंत जंतूंची वाढ. मुलांनी ती उघडायची नाही. शिक्षकाने हातमोजे घालून आत ब्लीचिंगचं द्रावण ओतून काही तास ठेवायचं, मगच टाकायचं.

मडगांवकर

सासष्टीत आमच्या डोळ्यांसमोर साळ नदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचं नाव आलेलं आहे, खारेबांदजवळ उभं राहिलं तर यादीची गरजही नाही. मुलांना तिथे न्यावं का?

शाळामास्तर_डिचोली

न्यावं, पण पाण्यात उतरवू नये. नमुना मोठ्याने दोरीच्या डब्याने काढावा, नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवावे. आणि फक्त बिघडलेली नदी दाखवू नका. त्याच आठवड्यात सांगे किंवा केपेकडचा एखादा स्वच्छ व्हाळ दाखवा. दगड उलटा करून खाली काय आहे ते बघू द्या: चतुराच्या अळ्या, बारीक तीन शेपट्यांची किड, खेकडे. प्राणवायू भरपूर असेल तरच यातली बरीचशी मंडळी राहतात. मग साळीच्या काठावर तेच शोधायला सांगा. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवायचा, हेही शिकवायचं.

पाणी वाचवण्याबद्दल या धाग्यात कमी बोललो, म्हणून एक हिशेब देतो. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर धरा. पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही. छपरावर पडलं २० हजार लिटर, गळती-उडी वजा जाता १६ हजार. २०२१ साली सरकारने घरगुती नळाला महिन्याला जितकं पाणी मोफत जाहीर केलं, बरोबर तितकं, एका दिवसात. मुलांनी हा आकडा स्वतः काढला तेव्हा पहिला प्रश्न होता, 'मग मे महिन्यात टँकर का येतो?' वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण चार महिन्यांत. उतार तीव्र, नद्या छोट्या, जांभा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. या एका प्रश्नावर आमचे तीन तास गेले आणि अभ्यासक्रम मागे पडला. पडू दे.

पेडण्याची_बाई

आम्ही क्रमांकाच्या पद्धतीने सुरुवात करतो, पहिली शाळेची विहीर. मास्तर, तुमच्या नोंदवहीचे रकाने इथे टाकाल का?

शाळामास्तर_डिचोली

टाकतो. तारीख आणि वेळ. स्रोताचा क्रमांक. आदल्या तीन दिवसांचा पाऊस. काठापासून पाण्याची पातळी (गाठी मारलेली दोरी आणि वजन). रंग, वास, गढूळपणा. पीएच, टीडीएस, नळ असेल तर क्लोरिन. कुपी: किती तासांनी काय दिसलं. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा, 'आजूबाजूला काय बदललं?' नवीन खड्डा, नवीन बांधकाम, गुरं, चवथीचं विसर्जन, कापलेलं झाड. महिना झाला की वही मोठ्या वर्गातल्या मुलांकडून तपासून घ्या. खाजनाजवळच्या शाळांनी भरती की ओहोटी हा रकाना वाढवा. टीचर, तुमच्याकडे तो कसा लिहिता ते सांगा म्हणजे सगळ्यांचं एकसारखं राहील.

चोडणची_टीचर

भरतीच्या वेळेपासून किती तास आधी किंवा नंतर, एवढंच लिहितो. '+२' म्हणजे भरतीनंतर दोन तास. वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या, आणि ठिकाण मुखापासून आत असेल तर स्थानिक होडीवाल्याला विचारून उशीर किती होतो ते एकदा ठरवून घ्या.